वजनकाट्याला न दिसणारं

२००६ साली चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रम’ या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाचणीत ५३१ जण होते, सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. ग्लुकोज पिऊन दोन तास झाले तरी त्यांची साखर चढलेलीच राहायची, पण मधुमेह म्हणावा इतकी नाही. त्यांचे चार गट पाडले. एकाला नेहमीचा तोंडी सल्ला, दुसऱ्याला रोज अर्धा तास झपझप चालणं आणि आहारात बदल, तिसऱ्याला मेटफॉर्मिनची गोळी, चौथ्याला गोळी आणि चालणं-आहार दोन्ही. तीन वर्षांत पहिल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर राहिलं, गोळीवाल्यांत ४०च्या आसपास, आणि दोन्ही करणाऱ्यांच्या पदरातही त्याहून जास्त काही पडलं नाही.

या निकालातली खरी गोम तपशिलात होती. चालणाऱ्या गटाचं वजन तीन वर्षांत म्हणण्यासारखं उतरलंच नव्हतं.

चार वर्षं आधी, २००२ साली, अमेरिकेतल्या अशाच मोठ्या चाचणीचा निकाल आला होता. तिथे वजन सात टक्क्यांनी उतरवणं हे उद्दिष्टच होतं. मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं आणि श्रेय बहुतांशी उतरलेल्या किलोंना मिळालं. चेन्नईत किलो जागच्या जागी राहिले तरीही रोग मागे हटला. आहारातला बदलही सोबत होता, तेव्हा सगळं माप चालण्याच्या पदरात घालता येणार नाही, हे मान्य. पण काटा हलला नाही आणि शरीर मात्र आतून बदललं, एवढं त्यातून निघतंच.

आपल्याकडे व्यायामाचा विषय निघाला की तो पाच मिनिटांत वजनावर येऊन थांबतो. एक वडापाव जिरवायला किती मिनिटं चालावं लागेल याचे तक्ते मोबाइलवर फिरतात. जिममधल्या ट्रेडमिलवर जळालेल्या कॅलरींचा लाल आकडा डोळ्यांसमोर नाचत असतो. दोन महिने नेमाने चालूनही काटा तिथेच, म्हणून कंटाळून सोडून दिलेली माणसं प्रत्येक घरात सापडतील. ही माणसं आळशी नसतात. त्यांनी चुकीच्या यंत्रावर आपला निकाल पाहिलेला असतो.

कॅलरींचा हिशेब मुळातच व्यायामाच्या बाजूने लागत नाही. साठ किलोचा माणूस अर्धा तास झपझप चालला तर जेमतेम सव्वाशे कॅलरी खर्च होतात, आणि चहाबरोबरच्या चार-पाच बिस्किटांत त्या भरून निघतात. टांझानियातल्या हाद्झा या शिकारी-संग्राहक जमातीचा रोजचा ऊर्जाखर्च हर्मन पाँत्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजला आणि २०१२ साली मांडला. दिवसभर मैलोन्मैल चालणारी, कंदमुळं खणणारी ही माणसं शरीराच्या आकारमानाच्या हिशेबात अमेरिकेतल्या बैठ्या माणसाइतकीच ऊर्जा खर्चत होती. शरीर एकीकडचा खर्च वाढला की दुसरीकडे हात आखडता घेतं, असा पाँत्झर यांचा तर्क आहे. त्यावर वाद चालू आहे, पण वजन उतरवण्याचं साधन म्हणून व्यायाम अगदी सुमार ठरतो, हे आता फारसं कुणी नाकारत नाही. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. व्यायामाची वजनाशी घातलेली ही गाठ सोडवल्याशिवाय तो रोगावर कसा चालतो हे कळतच नाही, आणि आपल्या शरीरांच्या बाबतीत तर ती गाठ सरळसरळ घातक आहे.

आपल्या शरीरांच्या बाबतीत म्हणजे काय, ते पुण्यातच कळलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांचा शेजारीशेजारी उभा असलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा, २२.३. वजनाच्या तक्त्यात दोघेही आदर्श. पण युडकिन यांच्या अंगात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. ती सरासरी २.७ किलोंच्या घरात भरली, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोंची. आपली बाळं सगळीकडून लहान होती, स्नायूंनी तर फारच, मात्र पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. हडकुळ्या दिसणाऱ्या बाळात चरबीचा वाटा जास्त आणि स्नायूचा कमी, ही आपली जन्मापासूनची पुंजी. मग चाळिशीत पासष्ट किलोंचा, शर्ट व्यवस्थित खोचलेला माणूस मधुमेहाचा रिपोर्ट हातात घेऊन “मी तर जाड नाही” म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्याकडे जादा आहे त्यापेक्षा जे उणं आहे ते मोठं आहे: स्नायू.

स्नायू म्हणजे हाडं हलवणारी दोरी, ही आपली शाळेतली समजूत. साखरेच्या दृष्टीने पाहिलं तर तो शरीरातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. इन्शुलिनच्या प्रभावाखाली रक्तातून उचलल्या जाणाऱ्या ग्लुकोजपैकी सुमारे ७० ते ८० टक्के ग्लुकोज स्नायूंत जातं. ते आत नेण्यासाठी ग्लूट-४ नावाचं वाहक प्रथिन लागतं. एरवी हे प्रथिन स्नायूपेशीच्या पोटात दडून असतं आणि इन्शुलिनचा इशारा आला की पृष्ठभागावर येतं. टाइप-२ मधुमेहात बिघडतो तो हा इशारा: इन्शुलिन दारावर येऊन हाका मारतं, पेशी दाद देत नाही.

पण या घराला मागचं दार आहे. स्नायू आकुंचन पावला की त्याच्या पेशीतला ऊर्जेचा साठा उतरतो, कॅल्शियम उसळतं, एएमपीके नावाचं ऊर्जेवर पाळत ठेवणारं विकर जागं होतं आणि तेच ग्लूट-४ इन्शुलिनची वाट न पाहता पृष्ठभागावर येतं. मधुमेह्याच्या स्नायूतही हा मार्ग बहुतांशी शाबूत असतो. जो निरोप इन्शुलिनला पोचवता येत नाही तो हालचाल पोचवते. व्यायाम थांबल्यावरही तो स्नायू पुढचा एक-दोन दिवस इन्शुलिनला जास्त दाद देत राहतो, मग परिणाम ओसरतो. आठवड्यातून एकदा रविवारी टेकडी चढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. हा परिणाम साठवून ठेवता येत नाही, म्हणूनच मार्गदर्शक तत्त्वांत दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नका असं म्हटलेलं असतं.

हे सगळं खरंच स्नायूत घडतं, की व्यायाम करणारा माणूस एकंदरीतच जपून वागतो म्हणून घडतं? कोपनहेगनच्या संशोधकांनी या शंकेचं फार सुंदर उत्तर काढलं. त्यांनी माणसांना एकाच पायाचा व्यायाम करायला लावला. दोन्ही पायांत तेच रक्त, तेच जेवण, तीच झोप, तेच आईबाप. व्यायाम केलेल्या पायाचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद वाढला, दुसरा पाय होता तिथेच राहिला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात टाइप-२ मधुमेह्यांनी आठवड्यातून तीनदा फक्त अर्धा तास एका पायाने वजनं उचलली होती. जीवनशैली, शिस्त, सकारात्मक विचार अशा कितीही मोठ्या शब्दांत व्यायामाला गुंडाळलं तरी साखरेपुरतं तो त्या त्या स्नायूचं काम आहे, आणि ज्या स्नायूने काम केलं त्यालाच त्याची मजुरी मिळते.

साखरेपुरतं म्हणालो, कारण इतर काही बाबतींत स्नायू गावभर निरोप धाडतो. हे कळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. दमदार व्यायामानंतर रक्तात इंटरल्युकिन-६ हे द्रव्य वाढतं, मॅरेथॉननंतर शंभरपटीपर्यंत, हे आधी ठाऊक होतं. पण इंटरल्युकिन-६ म्हणजे दाहाचं लक्षण. जंतुसंसर्गात ते वाढतं, ढेरीवरच्या चरबीतून ते सतत झिरपत असतं. मग व्यायाम शरीराला दाह लावतो म्हणायचं का? कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांच्या गटाने दाखवलं की हे द्रव्य काम करणाऱ्या स्नायूतूनच येतं, आणि संसर्गात त्याच्याआधी उसळणारं टीएनएफ हे दाहकारक द्रव्य इथे जागचं हलत नाही. उलट इंटरल्युकिन-६च्या मागोमाग दाह शमवणारी दोन द्रव्यं रक्तात वाढतात. तेच रेणू ढेरीतून दिवसरात्र झिरपले तर रोग आणि स्नायूतून तासाभरापुरते उसळून ओसरले तर औषध. स्नायूतून निघणाऱ्या अशा द्रव्यांना त्यांनी मायोकाइन हे नाव दिलं आणि स्नायू ही एक स्रावी ग्रंथी आहे असं ठामपणे मांडलं. त्यानंतर अशा द्रव्यांची यादी लांबतच गेली आहे. त्यातल्या काहींच्या नावाने बाजारात आत्ताच जो गलका चालू आहे तो मला घाईचा वाटतो. पण मूळ सिद्धांत टिकला आहे, आणि त्यामुळे हृदयविकार, मधुमेह, काही कर्करोग, नैराश्य अशा वरकरणी नातं नसलेल्या रोगांवर एकच उपाय कसा चालतो याचा निदान एक धागा हाती लागतो. या रोगांत बरेचदा मंद, न दुखणारा, वर्षानुवर्षं धुमसणारा दाह थोडाफार सापडतो.

रक्तवाहिन्यांचं गणित त्या मानाने सोपं. रक्त जोरात वाहू लागलं की धमनीच्या आतल्या अस्तराला ते घासतं, अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, धमनी सैलावते. या वायूचं काम शोधणाऱ्या तिघांना १९९८चं नोबेल मिळालं. रक्तदाब असलेल्या माणसाचा वरचा आकडा नियमित व्यायामाने पाच ते आठ अंकांनी उतरतो, एखाद्या गोळीइतका. पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचं, म्हणजे मायटोकाँड्रियांचंही तसंच. जॉन हॉलोझी यांनी १९६७ साली उंदरांना पट्ट्यावर पळवून त्यांच्या स्नायूंतली मायटोकाँड्रियाची क्षमता जवळपास दुप्पट झाल्याचं दाखवलं. गोळीतून मायटोकाँड्रिया वाढवायचं स्वप्न अजून स्वप्नच आहे.

या सगळ्या यंत्रणांत एक गोष्ट समान आहे आणि ती आपल्या अंगवळणी पडलेल्या आरोग्यकल्पनेला रुचत नाही. व्यायाम उपयोगी पडतो तो त्रास देतो म्हणून. ऊर्जा संपते, पेशींत ऑक्सिजनची उपद्रवी रूपं तयार होतात, स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होतात, आणि दुरुस्तीसाठी जे गवंडी येतात ते भिंत पहिल्यापेक्षा जाड बांधून जातात. जर्मनीत मायकेल रिस्टो यांच्या गटाने २००९ साली व्यायाम करणाऱ्या काही तरुणांना जीवनसत्त्व क आणि ई यांच्या मोठ्या मात्रा दिल्या. उपद्रव टळला आणि त्याबरोबर फायदाही गेला: गोळ्या न घेणाऱ्यांची इन्शुलिनला दाद देण्याची क्षमता वाढली, घेणाऱ्यांची वाढली नाही. घाम पुसता पुसता फसफसणारी व्हिटॅमिनची गोळी पिणाऱ्यांनी याचा विचार करायला हरकत नाही.

उलट बाजूने पाहिलं तर विश्रांती हे किती जालीम द्रव्य आहे ते कळतं. १९६६ साली डॅलसमध्ये विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे पलंगावर पडून राहायला सांगितलं. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पाव भागाहून जास्त घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले गेले. वजनं वाढलेली, पन्नाशी गाठलेली. तरी तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या पलंगाने केलं होतं. पलंगही लागत नाही. डेन्मार्कमध्ये निरोगी तरुणांना दिवसाला सुमारे दहा हजार पावलांवरून दीड हजारांवर आणलं, लिफ्ट वापरा, गाडीने जा, एवढंच सांगून. दोन आठवड्यांत इन्शुलिनचं काम मंदावलं आणि पायांचे स्नायू उतरले. घरून काम करणाऱ्या कितीतरी तरुण मंडळींचा हा रोजचा दिनक्रम आहे, प्रयोगाचं नाव न लागलेला.

आणि तरीही आजाराला आपला पहिला प्रतिसाद ‘आराम करा’ हाच असतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्याला कित्येक आठवडे अंथरुणातून उठू देत नसत. पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जात आणि झटक्यातून वाचलेला माणूस उपचाराने मरे. सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी १९५२ साली रोग्यांना नुसतं खुर्चीत बसवण्याचा प्रयोग मांडला तेव्हा तोही धाडसाचा वाटला. अठराव्या शतकात छातीत कळ येण्याच्या या विकाराचं वर्णन करणाऱ्या विल्यम हेबर्डन यांनीही एका रोग्याची नोंद करून ठेवली होती. तो रोज अर्धा तास लाकडं कापायचा आणि जवळजवळ बरा झाला. त्याच्याकडे दीड-दोनशे वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

आपल्याकडे हेबर्डनच्याही कितीतरी आधी सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या निर्धन रोग्याला पायात वहाण आणि डोक्यावर छत्री न घेता, एका गावात एकच रात्र मुक्काम करत शंभर योजनं चालायला सांगितलं आहे. विहीर खणण्याचाही उल्लेख तिथे आहे. यावरून ‘आमच्याकडे सगळं होतंच’ अशी टाळी वाजवायचं कारण नाही, ग्लूट-४ त्यांना ठाऊक नव्हतं. पण त्या वैद्याने एक गोष्ट केली जी आजचा डॉक्टर करत नाही. त्याने मात्रा लिहून दिली. किती अंतर, कसं, कुणी. ‘जरा चालत जा’ ही मात्रा नव्हे. ‘जरा मेटफॉर्मिन घेत जा’ असं कुणी लिहून देईल का?

मात्रेचा प्रश्न आला की एक आक्षेप येतोच आणि तो रास्त आहे. दिवसभर उसाच्या मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये चढवणाऱ्या बाईला तुम्ही व्यायाम सांगणार का? तिला भरपूर व्यायाम होतो, मग ती निरोगी का नाही? याचं उत्तर फक्त गरिबीत आणि कुपोषणात नाही, शरीरक्रियेतही आहे. डेन्मार्कमधल्या आंद्रेआस होल्टरमन यांच्या गटाने दाखवलं की फावल्या वेळातली हालचाल हृदयाचं रक्षण करते, पण कामावरचे जड कष्ट ते करत नाहीत, उलट धोका वाढलेला दिसतो. कारण व्यायामात जोर थोडा वेळ असतो आणि मग सावरायला सवड असते. कष्टात वजन तासन्‌तास उचललेलं असतं, रक्तदाब दिवसभर चढा राहतो, थांबण्याची वेळ मुकादम ठरवतो. रात्रीची झोप अपुरी. इजा होते पण गवंड्यांना यायला वेळ मिळत नाही. म्हणून ‘घरकाम हाच बायकांचा व्यायाम’ हे वाक्य ऐकलं की मला चीड येते. ते बोलणारा बहुधा खुर्चीत बसलेला असतो. शंभर वर्षांपूर्वी घरातल्या बायका जात्यावर बसत त्यात खांदे आणि पाठ खरोखर कसाला लागायची. आजच्या स्वयंपाकघरात तासन्‌तास उभं राहणं आहे, कस मात्र नाही.

कसाचीच गोष्ट निघाली तर आपल्या मध्यमवर्गाने व्यायाम म्हणजे चालणं हे समीकरण करून टाकलं आहे, तेही तपासायला हवं. चालणं हृदयाला आणि साखरेला उत्तम. पण साठीनंतरचा शत्रू वेगळा असतो. पायऱ्या चढताना कठड्याचा आधार, भारतीय बैठकीवरून उठताना हाताचा आधार, मग खाली बसणंच बंद, मग पडणं आणि खुब्याचं हाड. या घसरणीला चालणं पुरेसं थोपवत नाही, कारण सपाट रस्त्यावर मांडीच्या स्नायूला जोर लावावाच लागत नाही. बॉस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी एका वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी जड वजनं उचलायला लावली. त्यांचं सरासरी वय नव्वद. १९९० साली आलेल्या त्या निष्कर्षांत पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. नव्वदीतल्या स्नायूला अजून ऐकू येतं, आपण बोलणंच थांबवलेलं असतं. गुडघेदुखीतही तेच. ‘झिजलेत, आता वापरू नका’ हा सल्ला घरोघरी मिळतो, पण सांध्याच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तिला पोषण मिळतं ते दाबलं-सोडलं जाण्यातून, आणि मांडीचा स्नायू भक्कम झाला की दुखणंही उतरतं.

महाराष्ट्रात या गोष्टीचा वारसा होता. तालमीतल्या जोर-बैठका, मल्लखांब, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ध्यास घेऊन पसरवलेले सूर्यनमस्कार. बैठक हा तर मांडीसाठी आजही कुणी सुधारू शकलेला नाही असा व्यायाम. पण हा वारसा प्रामुख्याने तरुण पुरुषांचा होता आणि त्याचं ध्येय बलोपासना होतं. पंचावन्न वर्षांच्या मधुमेही शिक्षिकेला तालमीचं दार कधी उघडं नव्हतं. आणि योग? हृदयविकारानंतरच्या रोग्यांवर योगाधारित पुनर्वसनाची मोठी चाचणी भारतातल्या २४ रुग्णालयांत झाली, सुमारे चार हजार रोगी. २०२० साली निष्कर्ष आले. मृत्यू आणि पुन्हा झटका यांच्या एकत्रित मोजणीत स्पष्ट फरक दिसला नाही. मात्र योग करणाऱ्यांना आपली तब्येत जास्त चांगली वाटत होती आणि ते पूर्वीच्या कामांवर अधिक परतले. ज्या देशात अशा पुनर्वसनाची सोयच जवळपास नाही तिथे हेही थोडं नाही. पण योगाने धमन्या मोकळ्या होतात म्हणून सांगणाऱ्यांना हा पुरावा पुरणार नाही.

व्यायामाच्या बाजूने बोलताना हात राखून बोलायला हवं ते इथे. २०१३ साली हुसेन नाची आणि जॉन आयोनिडिस यांनी शेकडो चाचण्या एकत्र करून व्यायाम आणि औषधं यांची मृत्युदरावर तुलना केली. हृदयविकाराच्या रोग्यांत आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर दोन्ही तोडीस तोड ठरले, पक्षाघातानंतर व्यायाम सरस ठरला, पण हृदय निकामी होऊ लागलं की लघवी वाढवणारी औषधंच सरस. आणि दीर्घकालीन थकव्याच्या एका विकारात तर श्रमानंतर रोगी कित्येक दिवस खचलेला राहतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने त्यासाठीचा हळूहळू वाढवत न्यायचा व्यायाम २०२१ साली आपल्या मार्गदर्शनातून काढून टाकला. औषधाला अपाय असतात. व्यायामाला ते नाहीत असं म्हणणं म्हणजे तो औषध नाही असं म्हणणंच झालं.

२०२५ साली वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं आपल्या बाजारात आली. मला वाटतं, व्यायामावर त्यांनी नकळत उपकारच केले आहेत. वजन उतरवणं हेच व्यायामाचं काम असेल तर तो या इंजेक्शनांपुढे केव्हाच हरला. आता तरी त्याच्याकडे त्याच्या स्वतःच्या कामासाठी पाहता येईल. शिवाय या औषधांनी उतरलेल्या वजनात नुसती चरबी जात नाही. काही चाचण्यांत घटीचा पाव भाग ते ४० टक्के वाटा चरबीविरहित वस्तुमानाचा होता, आणि स्नायू त्यातच मोजला जातो. मुळात स्नायूचं भांडवल तुटपुंजं असलेल्या आपल्या माणसांनी ते असं खर्चावं का, हा प्रश्न इंजेक्शन लिहून देणाऱ्याने विचारायला हवा. काट्यावर मात्र निकाल झकास दिसेल.

कर्करोगाच्या बाबतीत आजवर पुरावा निरीक्षणांचा होता. व्यायाम करणारे जास्त जगतात, पण जे धड असतात तेच व्यायाम करू शकतात, ही शंका उरायचीच. २०२५च्या जूनमध्ये ती शंका मोठ्या आतड्याच्या कर्करोगापुरती बरीचशी मिटली. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात झालेल्या चाचणीत शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पार पडलेल्या ८८९ रोग्यांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाने तीन वर्षं आखून दिलेला व्यायाम केला. आठ वर्षांनी त्या गटातले ९० टक्के रोगी हयात होते, दुसऱ्यातले ८३ टक्के. एखाद्या नव्या औषधाने एवढं साधलं असतं तर त्याची किंमत लाखांत असती.

पण दोन गटांना काय दिलं होतं हे नीट वाचलं पाहिजे. दुसऱ्या गटालाही हालचालीचं आणि आहाराचं महत्त्व समजावणारी पुस्तिका मिळाली होती. माहिती दोघांकडे होती. पहिल्या गटाला पुस्तिकेशिवाय एक माणूस मिळाला होता: प्रशिक्षक, जो वर्षभर दर पंधरवड्याला आणि पुढे साधारण महिन्याला भेटायचा, मात्रा वाढवायचा, का चुकलं ते विचारायचा. सात टक्क्यांचा फरक त्या माणसाचा होता. आपल्याकडे २०२२च्या जागतिक अंदाजानुसार प्रौढ स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि पुरुषांपैकी ४२ टक्के पुरेशी हालचाल करत नाहीत, आणि त्यावर आपला उपाय म्हणजे पोस्टर. ज्या शहरात पदपथ दुचाकींनी भरलेले आहेत, जिथे संध्याकाळी सातनंतर एकटी बाई मैदानात चालू लागली तर चार नजरा वळतात, तिथे इच्छाशक्तीवर व्याख्यानं देणं हा मला उद्धटपणा वाटतो.

सरकारी दवाखान्यात तीस वर्षांवरच्या माणसाचा रक्तदाब मोजतात, साखर बघतात, वजन करतात. अर्ध्या मिनिटात हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं हे कुणी मोजत नाही, जरी पायांच्या स्नायूची अवस्था त्यातून काट्यापेक्षा जास्त कळते. हा आकडा मोजणारा, लिहिणारा आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावून मोजणारा एक माणूस, फिजिओथेरपिस्ट नसेल तर त्याने शिकवलेली गावातली आशाताई, एवढं नेमायला नवं संशोधन लागत नाही. त्यासाठी अंदाजपत्रकात पगाराची एक ओळ लागते, आणि त्या ओळीला कुठल्या कंपनीचा विक्री प्रतिनिधी नसतो.